नऊ वेळा नीलकोठी

किसनरावांनी माझ्या वर्षावर लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. पट्टी धरून. एक्क्याण्णव रेघा, आणि मला आधी सुचलं ते एवढंच, की ह्यांची एक अख्खी दुपार गेली असणार, दोनदा तरी पेन्सिल तासावी लागली असणार. वाचनालयाच्या ऑफिसात त्यांनी तो कागद माझ्या बाजूला फिरवून ठेवला. "ह्या वगळू," ते म्हणाले. "उरतात शेहेचाळीस. आकडा मात्र एकशे सदतीसच जाहीर करू. आकडा तुमचा आहे, त्याला कोण हात लावतो?"

आमच्या वाचनालयात एक पद्धत आहे. दर फेब्रुवारीत, वर्धापनदिनाला, मागच्या वर्षी सर्वांत जास्त पुस्तकं नेणाऱ्या सभासदाला व्यासपीठावर खुर्ची देतात. सेक्रेटरी, म्हणजे सध्या किसनराव, त्याच्या पुस्तकांची नावं एकेक करून वाचतात आणि प्रत्येक नावाला त्या सभासदानं उठून मोठ्यानं म्हणायचं, "वाचलं." लोक टाळी वाजवतात. पुढचं नाव. "वाचलं." सन बासष्टचा नंबर माझा लागला होता. मैना देवमन, टेलिफोन ऑपरेटर, वय पंचवीस. एकशे सदतीस पुस्तकं, त्यांतल्या एक्क्याण्णव रहस्यकथा.

"तुम्ही त्या खुर्चीवर बसणाऱ्या पहिल्या बाई," किसनराव म्हणाले. "आणि तुमच्या समाजातल्याही पहिल्याच. तिथं बसून तुम्ही काय म्हणणार? खून वाचलं, प्रेत वाचलं, विषाची बाटली वाचलं?" ते हसले. वाईट हसले नाहीत. किसनराव वाईट माणूस नाहीत, ही यातली अडचण आहे. एकोणसाठ साली माझ्या अर्जावर सही करायला दोन सभासद लागत होते, कोणाला वेळ नव्हता, तेव्हा किसनरावांनी स्वतःच्या पेनानं सही केली होती आणि दुसरी एका डॉक्टरांकडून आणून दिली होती. "चीननं हल्ला केला त्या महिन्यात चौदा रहस्यकथा, मैनाबाई! देशावर संकट, आणि तुम्ही चौदा!" त्या महिन्यात मी ट्रंक लाइनीवर दहा-दहा तास बसत होते. कानाला पट्टा रुतून खाच पडली होती. अकोला द्या, नागपूर द्या, अर्जंट द्या. संकट माझ्या दोन कानांमधून जात होतं, एकाकडून दुसऱ्याकडे, मी फक्त वायर खोचत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं दोन नावं शाईनं जास्तीची लिहिली होती, एक तत्त्वज्ञानाचं, एक थोर पुरुषाचं चरित्र. "ही तुम्ही नेली नाहीत, पण नेली असतीत. पुढच्या वर्षी न्या, म्हणजे खोटं होणार नाही." मग त्यांची भुवई वर गेली. "आणि ही नोंद पाहा, 'नीलकोठीचं तळघर.' चुकून नऊ वेळा पडली आहे. ग्रंथपाल नत्थुजींना आता दिसत नाही नीट."

चुकून नाही.

कार्ड पहिलं, ओळ पाचवी. नीलकोठी. १३ जानेवारी.

नाही, तिथून नको. तिथून सुरू केलं तर रडायची गोष्ट होते आणि ही रडायची गोष्ट नाही. पुन्हा.

भातकुलीच्या बाजूला आमचं गाव. मी नऊ वर्षांची असताना माझी आत्या जाईबाई पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीत सापडली. पंचनामा झाला. पंचनामा म्हणजे पाच माणसं विहिरीकडे पाठ करून बाजेवर बसली आणि सहाव्यानं लिहिलं. पाणी काढताना पाय घसरून पडली, असं लिहिलं. त्या विहिरीवर आम्हाला पाणी काढू देत नव्हते. ती ज्या थारोळ्यावर, मोट रिकामी होते त्या दगडी ओट्यावर, चढली असती तिथं तिच्या जन्मात तिचा पाय लागला नव्हता. गावातल्या प्रत्येक माणसाला हे माहीत होतं, लिहिणाऱ्यालाही, आणि त्यानं ते वळणदार अक्षरात लिहिलं. बा तिथं उभा होता. "जी, आमाले त्या हिरीवर चढूच देत नाई तं पाय घसरीन कसा?" त्यानं विचारलं. कोणीतरी म्हणालं, "आता तसं लिवलं हाय ना, देवमन." झालं. चार दिवस विहिरीचं पाणी उपसत होते, कारण ते बाटलं होतं. आठव्या दिवशी बा आम्हाला घेऊन अकोटला आला आणि सरकी काढायच्या जिनात हमालीला लागला. पाटील, त्याचे पोरगे, त्याचा दिवाणजी, त्या सकाळी कोण कुठं होतं हे कुणी कुणाला विचारलं नाही. कुणी वाकून ओल्या मातीकडे पाहिलं नाही. मला अजून आठवतं ते एवढंच, की माती ओली होती आणि तिच्यात खूप पाय होते.

कापसाच्या गाड्यांतून जिनात काय वाटेल ते यायचं. विळे, चपला, एकदा जिवंत मांजर. एक दिवस बानं पुस्तक आणलं. पुठ्ठा नाही, शेवटची पानं नाहीत, कडा सरकीच्या तेलानं पिवळ्या. बाला वाचता येत नव्हतं. मी बारा वर्षांची, चवथी पास. "वाच," तो म्हणाला, "पाहू काय मनते ते." आणि ते म्हणत होतं की नीलकोठी नावाच्या बंगल्याच्या तळघरात एक मोलकरीण मेलेली सापडली. बस, दुसऱ्या पानावर सापडली, आणि उरलेली दोनशे पानं एक माणूस तिच्यासाठी चौकशी करत फिरत होता. मोलकरणीसाठी. मालकाला विचारत होता, "काल सकाळी आपण कुठं होतात?" डॉक्टरला, पुतण्याला, दिवाणजीला, म्हाताऱ्या नोकराला, सगळ्यांना तोच प्रश्न, तोच आवाज. गुडघ्यावर बसून माती पाहत होता. बा भिंतीला टेकून बसला होता, तो सरळ बसला. "मालकाले इचारलं? खरंच तसं लिवलं हाय?" मी पुन्हा वाचलं. "अजून एक डाव वाच." मी अजून एकदा वाचलं. लोक म्हणतात अशी पुस्तकं वेळ घालवायला असतात. आमच्या खोलीत त्या संध्याकाळी वेळ गेला नाही, वेळ आला. तीन वर्षं मागून आला आणि दारात उभा राहिला.

शेवट फाटलेला होता. म्हणून बा शेवट लावायचा. जिनातून आला, हात धुतले की, "दिवाणजीच. दुसरं कोणी नाई." मी मुद्दाम छेडायची, "नोकर असन तं?" "नोकर? नोकराले एवढा टायम कुठी हाय वं पोरी? सकायपासून राबते तो. खून कराले बी रिकामपन लागते!" आई नव्हती, दादा वसतिगृहात, आम्ही दोघंच हसायचो. मग घर बदलताना ते पुस्तक गेलं.

नोकरी लागून मी अमरावतीला आले, सभासद झाले, आणि रहस्यकथांच्या कपाटाशी उभी राहिले ती त्या पुस्तकासाठी. नाव तरी कुठं माहीत होतं? पुठ्ठाच नव्हता. एक घेतलं, नाही. दुसरं, नाही. तीन वर्षं. शोधता शोधता आवड लागली, की आवड होती म्हणून शोधत होते, हे मला सांगता येत नाही. माझ्या आवडीचा शोध लावायचा कोणाला हक्क आहे? पण एवढं खरं की जिथं प्रेम जुळतं त्या कादंबऱ्या मी अर्ध्यावर ठेवते आणि जिथं कोणी विचारतं, "आपण कुठं होतात?" तिथं माझा श्वास सरळ होतो. एक्स्चेंजमध्येही मी तेच करते, नियमाविरुद्ध. रुईचा व्यापारी अकोल्याला म्हणतो, मी काल गावात नव्हतो. मला माहीत असतं, होतास, तुझा कॉल मीच जोडला.

एकसष्टच्या डिसेंबरात कोणा वकिलाच्या घरून देणगीचं गाठोडं आलं. नत्थुजी तपकिरीची बोटं धोतराला पुसत म्हणाले, "मैनाबाई, हे घ्या तुमच्या खात्यातलं." उघडलं. दुसऱ्या पानावर तळघर.

पुठ्ठ्यासकट. शेवटासकट.

मी तिथंच, उभ्यानं, शेवटचं प्रकरण वाचलं. म्हातारा नोकर निघाला. मालक निर्दोष, पुतण्या निर्दोष, दिवाणजीनं तर डोळे पुसले. चौकशी करणारा तो माणूस, दोनशे पानं ज्याच्यावर बानं भरवसा ठेवला, त्यानं नोकराच्या खांद्यावर हात ठेवला आणि मालकाबरोबर चहा घेतला.

बा तेव्हा अकोल्याला दादाकडे होता. डोळे गेलेले, छातीत सरकीची धूळ. मी शनिवारी दुपारी पुस्तक घ्यायची, बडनेऱ्याहून गाडी धरायची, मूर्तिजापूर गेलं की पुस्तक एकदा पाहून घ्यायची, आणि रविवारी दादा विहाराच्या बैठकीला गेला की वाचायची. शेवटच्या प्रकरणाशी आले की मी पुस्तकावर नजर ठेवून तोंडानं दुसरंच बोलत जायची. दिवाणजीला पकडण्यात दोन पानं घातली. पुढच्या महिन्यात चार. एकदा मालकालाही साक्षीला उभं केलं. बा ऐकत होता, मान हलवत होता, "मंग? मी काय मनत होतो?" जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, नोव्हेंबर. आठ डिसेंबरला नेलं तेव्हा त्याला बसवत नव्हतं. मी शेवट सांगून संपवला. त्यानं चाचपून पुस्तकावर हात ठेवला. मग म्हणाला, "शेवटाले पानं पलटवनं इसरते तू दरवेळेस." मी पुस्तक मिटलं. "असू दे," तो म्हणाला. "त्यायनं चवकशी बराबर नाई केली असन. तू केली." गुरुवारी गेला.

तर चुकून नाही, किसनराव. पण मी त्यांच्यासमोर बसून हे काही बोलले नाही. मी म्हणाले, "यादी आहे तशीच वाचा." ते म्हणाले, "मी तुमच्याच बाजूचा आहे." आणि त्यांनी दादाला पत्र टाकलं.

दादा रविवारी, वर्धापनदिनाच्याच दिवशी, सकाळी अकोल्याहून आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. धर्मपाल हे नाव त्यानं छप्पन साली स्वतः घेतलं, आधीचं नाव तो कुणाला उच्चारू देत नाही, आणि ते बरोबर आहे. ते नाव त्याला दुसऱ्यांनी दिलं होतं, हसायला. चहा त्यानं घेतला नाही. "मैना, त्यायची यादी चांगली हाय."

"माझी नाही ती."

"तुझी, माझी! तिथी तू एकटी बसनार हायेस का? सारी वस्ती बसनार हाय तुझ्यासंगं. लोकं पाहून राहिले का हे शिकले तं काय वाचतेत. अन् तू काय मननार? खून वाचला?"

"हो."

"आपल्याले पुस्तक काहून भेटलं, ठाव हाय तुले? करमनुकीले?"

"दादा, तुला वाटतं मला करमतं?"

तो खिडकीशी गेला. "बा असता तं," म्हणाला, "त्याले काय वाटलं असतं?" मला त्याला मारावंसं वाटलं. मला त्याला सांगावंसंही वाटलं. पण सांगितलं असतं तर ते कारण झालं असतं, सबब, दाखला. बाच्या नावावर मला माझी पुस्तकं मंजूर करून घ्यायची नव्हती. उद्या बा नसता, आत्या नसती, तरी मी एक्क्याण्णव रहस्यकथा वाचल्याच असत्या आणि त्या माझ्याच असत्या. उच्च आवड असलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, तुला हे का आवडतं. पुरावा फक्त आम्हाला मागतात.

दुपारी वाचनालयात गेले तर नत्थुजी खुर्च्या मांडून घेत होते. मला कोपऱ्यात बोलावलं, कोटाच्या खिशातून पाच कार्डं काढली, दोऱ्यानं शिवलेली. "भरलेलं कार्ड वाचकाले परत द्याचं, असा नियम हाय. कोनी मांगत नाई म्हून कोनाले ठाव नाई." मी घेतली. प्रत्येक ओळीत नंबर, नाव, तारीख, त्यांचं थरथरतं अक्षर. "चुकीची नोंद मनतेत किसनराव," ते पुटपुटले. "तीस वर्सं झाले, एक नोंद चुकली नाई. त्यायलेच इचारा ना, गोदाबाईच्या कार्डावर काय काय जाते ते."

"गोदाबाई कोण?"

"त्यायची मंडळी. मोठी वाचनारी बाप्पा! दर हप्त्याले दोन रहस्यकथा." नत्थुजींनी चिमूटभर तपकीर ओढली. "अक्षरओळख नाई बिचारीले."

पाच वाजता मी खुर्चीवर बसले. समोर वकील, मास्तर, दोन डॉक्टर, मागच्या रांगांत आमच्या वस्तीतली माणसं, नवी लुगडी, आणि तिसऱ्या रांगेत कडेला दादा, मांडीवर मुठी. किसनरावांनी माझ्याबद्दल खूप चांगलं सांगितलं. एवढं चांगलं की ती बाई कोण हे मला ओळखता येईना. मग त्यांनी कागद उघडला आणि पहिलंच नाव वाचलं ते शाईनं लिहिलेलं, तत्त्वज्ञानाचं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. टाळीसाठी हात उचललेले. मी उठले.

"नाही वाचलं."

कुठंतरी एकच टाळी वाजली आणि लाजून थांबली. किसनराव हसत खाली झुकले, "म्हणा, मैनाबाई, पद्धत आहे." मी पर्समधून कार्डं काढली. दोरा दातानं तोडला. "पद्धतीप्रमाणंच करते," मी म्हणाले. माझा आवाज एक्स्चेंजचा होता, तो मला नेहमी वाचवतो. त्या आवाजात राग येत नाही, फक्त नंबर येतात. "कार्ड पहिलं, ओळ पहिली." नाव वाचलं. "वाचलं." दुसरी ओळ. "वाचलं." तिसऱ्या खुनाला मागं कुणीतरी फिसकन हसलं. पाचव्या ओळीला नीलकोठी. "१३ जानेवारी. वाचलं." दहाव्याला वकिलांच्या रांगेत हसू पसरलं. विसाव्यानंतर हसण्याचा कंटाळा आला त्यांना, मला वाचण्याचा आला नाही. कोणी उठून गेलं, खुर्ची वाजली. माझं वर्ष मी त्यांच्यासमोर ओतत होते, जसंच्या तसं, विष, सुरा, दोर, बंद खोली, आणि मध्येच एखादं प्रवासवर्णन, एखादा कवितासंग्रह, जो मला खरंच आवडला होता आणि ज्याच्यावर लाल रेघ नव्हती. त्यालाही मी त्याच आवाजात "वाचलं" म्हणाले, ना वर ना खाली. "नीलकोठीचं तळघर. १० फेब्रुवारी. वाचलं." "नीलकोठीचं तळघर. १० मार्च. वाचलं." किसनरावांनी माझ्या बाहीला हात लावला आणि काढून घेतला. "नीलकोठीचं तळघर. १४ एप्रिल."

तारखा मी वाचायला नको होत्या, पद्धतीत त्या नाहीत. पण ओळीत होत्या. जून झाला, ऑगस्ट झाला, आणि ऑक्टोबरच्या सुमाराला मला दिसलं की दादा मान खाली घालून बोटांवर काहीतरी मोजतोय. मी कोणत्या शनिवारी अकोल्याला यायची ते त्याला माहीत असणारच, दार तोच उघडायचा. नोव्हेंबरला त्यानं वर पाहिलं. पिशवीतलं ते पुस्तक त्यानं एकदा पाहिलं होतं, म्हणालाही होता, हे काय आजाऱ्यापाशी घेऊन बसते. कार्ड पाचवं, ओळ नववी.

"नीलकोठीचं तळघर," मी म्हणाले. "८ डिसेंबर. वाचलं."

दादा उभा राहिला. मला वाटलं निघाला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो मोठ्यानं बोलला, सभेत बोलतो तशा शुद्ध भाषेत नाही, अकोटच्या खोलीतल्या भाषेत, साऱ्या वकिलांसमोर.

"मैना, आखरीले कोन निघाला वं?"

मी कार्डाकडे पाहिलं. कार्डावर ते लिहिलेलं नव्हतं.

"दिवाणजी."

"छे छे!" माझ्या शेजारून आवाज आला. "नोकर! म्हातारा नोकर निघतो, शेवटच्या प्रकरणात..." आणि किसनराव थांबले. त्यांचा हात हवेत तसाच राहिला, लाल पेन्सिल धरलेला. मागच्या भिंतीशी नत्थुजी शिंकले. मग वस्तीतल्या बायका हसल्या, मग मास्तर, मग वकीलसुद्धा, आणि किसनरावांचे कान कागदावरच्या रेघांसारखे लाल होत गेले. मी हसले नाही. मी त्यांच्याकडे वळले. आठवड्याला दोन, बायकोच्या नावावर. मला त्या क्षणी त्यांची कीव आली आणि ती मी तिथंच ठेवून दिली.

"तसं छापलंय, किसनराव," मी म्हणाले, आणि दहावी ओळ वाचली.